एफआरआरमध्ये पहिला पॅच कसा टाकायचा (आणि तीन ओळींना तीन आठवडे का लागतात)

मागच्या महिन्यात ठाण्याला ट्रान्सहार्बरच्या प्लॅटफॉर्मवर ऑफिसमधला एक ज्युनियर भेटला. गाडी दिघा गावला पोचेपर्यंत त्याने विचारून टाकलं की दादा, मला सी येतं, बीजीपी रोजच बघतो, गिटहबवर अकाउंट पण आहे, मग ओपन सोर्समध्ये कोड द्यायचा तर सुरुवात नेमकी कुठून करायची? पुढचं स्टेशन ऐरोली, म्हणजे उतरायचंच. मी एवढंच म्हटलं की कोड सगळ्यात शेवटी येतो रे, आधी बाकीचं कर. तो जरा नाराज झाला. ते "बाकीचं" काय ते आता इथे सविस्तर लिहितोय, त्याच्यासाठी आणि त्याच्यासारख्या सगळ्यांसाठी.

मी उदाहरण एफआरआरचं घेतोय, म्हणजे फ्री रेंज राउटिंग. साध्या लिनक्स मशीनला राउटर बनवणारं हे सॉफ्टवेअर, त्यात बीजीपी (वेगवेगळी नेटवर्कं एकमेकांना रस्ते सांगतात तो प्रोटोकॉल), ओएसपीएफ, आयएसआयएस, पिम, बीएफडी असं सगळं आहे. ऐरोली-रबाळे-महापे पट्ट्यात डेटा सेंटरचं काम करणाऱ्यांनी ते कधी ना कधी बघितलेलं असतंच, सोनिक ही ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टिम चालवणाऱ्या स्विचवर राउटिंग हेच करतं. वंशावळ थोडक्यात सांगतो कारण कोड वाचताना ती कामाला येते. जपानच्या कुनिहिरो इशिगुरोंनी १९९६ मध्ये झेब्रा सुरू केलं, त्यातून क्वागा निघालं (क्वागा म्हणजे नामशेष झालेला झेब्र्याचा एक प्रकार, नाव ठेवणाऱ्याला दाद द्यायला हवी), आणि क्वागातून २०१६ मध्ये एफआरआर वेगळं झालं, २०१७ पासून ते लिनक्स फाउंडेशनखाली आहे. कर्नलशी बोलणाऱ्या डिमनचं (म्हणजे मागे सतत चालणाऱ्या प्रोग्रॅमचं) नाव अजूनही झेब्राच आहे. त्यामुळे एखादं फंक्शन बघून "हे असं कोणी लिहिलं" वाटलं तर आधी बघा, ते कदाचित वीस वर्षांपूर्वीचं असेल आणि असं लिहायला तेव्हा कारण असेल.

आधी ऑफिसला विचारा

हे कोणी सांगत नाही म्हणून पहिलं सांगतो. प्रत्येक कमिटखाली, म्हणजे गिटमध्ये नोंदवलेल्या प्रत्येक बदलाखाली, तुमच्या नावाने साइन्ड-ऑफ-बाय अशी ओळ लागते. गिट कमिटला डॅश एस लावलं की ती आपोआप येते. ती नुसती सही नाही, तिचा अर्थ असा की हा कोड द्यायचा मला हक्क आहे. लिनक्स कर्नलवाल्यांनी २००४ मध्ये ही पद्धत आणली, तीच इथे चालते. आता गंमत अशी की आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा हक्क, वेगळा करार नसेल तर, मालकाचा असतो. आणि बऱ्याच ऑफर लेटरमध्ये तर घरी केलेलं काम पण आमचंच असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. मॅनेजरला एक साधी मेल टाका की अमुक प्रोजेक्टमध्ये, त्याचं लायसन्स जीपीएल दोन किंवा पुढचं, मी बग फिक्स द्यायचं म्हणतोय, चालेल ना. लेखी हो आलं की कामाला लागा. चहाच्या टपरीवर "अरे कर की, त्यात काय" म्हटलेलं धरू नका. आणि कस्टमरचं कॉन्फिग, खरे आयपी, खरे एएस नंबर (बीजीपीत प्रत्येक नेटवर्कचा ओळख क्रमांक) यातलं काहीही बाहेर जाऊ द्यायचं नाही, ते मेल येवो न येवो.

बिल्ड

लॅपटॉपवर उबुंटू किंवा डेबियनचं व्हर्च्युअल मशीन घ्या, ८ जीबी रॅम देता आली तर उत्तम. ऑफिसच्या चालू बॉक्सवर हे करू नका, हात जोडून सांगतो. प्रोजेक्टच्या डेव्हलपर डॉक्युमेंटेशनमध्ये प्रत्येक डिस्ट्रोसाठी वेगळं पान आहे, पॅकेजची पूर्ण यादी तिथून कॉपी करा, माझ्यासकट कोणाच्याही लेखातून नको, कारण ती बदलत राहते.

नवीन माणूस अडकतो ते हमखास लिबयांगपाशी. एफआरआरला ही लायब्ररी लागते, डिस्ट्रोसोबत येणारी बऱ्याचदा जुनी असते, मग कॉन्फिगर एक न कळणारी एरर देऊन थांबतं आणि माणूस म्हणतो माझंच काहीतरी चुकतंय. तुमचं काही चुकत नाहीये, लिबयांगचा सोर्स घ्या, सीमेकने बिल्ड करा, इन्स्टॉल झाल्यावर एलडीकॉन्फिग चालवायला विसरू नका, मग परत या. त्यानंतर एफआरआर नावाचा युजर आणि एफआरआर, एफआरआरव्हीटीवाय असे दोन ग्रुप बनवायचे, ते नसतील तर डिमन सुरूच होत नाहीत.

मग बूटस्ट्रॅप स्क्रिप्ट, कॉन्फिगर, मेक. कॉन्फिगरला दोन पर्याय पहिल्या दिवसापासून द्या, एक डेव्ह-बिल्डचा आणि दुसरा अ‍ॅड्रेस सॅनिटायझरचा. सॅनिटायझरने प्रोग्रॅम हळू चालतो, पण मोकळी केलेली मेमरी तुम्ही परत वापरलीत तर तिथल्या तिथे ओळ नंबरासकट ओरडतो. मी हे सुरुवातीला टाळलं होतं, वेळ वाचावा म्हणून, आणि मग एका क्रॅशमागे अख्खा शनिवार-रविवार घालवला, सॅनिटायझर लावल्यावर तो दोन मिनिटांत दिसला.

दोन राउटर उभे करा

बिल्ड झालं की लगेच कोड उघडू नका. लिनक्सच्या नेटवर्क नेमस्पेस (एकाच मशीनमधली वेगवेगळी, स्वतंत्र नेटवर्कं) वापरून एकाच मशीनवर दोन राउटर बनवा, मध्ये व्हेथची जोडी म्हणजे आभासी केबल, दोन्हीकडे झेब्रा आणि बीजीपीडी, म्हणजे बीजीपीचा डिमन. आयपीसाठी १९२.०.२.० स्लॅश २४ घ्या आणि एएस नंबर ६४४९६ ते ६४५११ मधले, हे डॉक्युमेंटेशनसाठीच राखून ठेवलेले आहेत त्यामुळे पुढे इश्यूत पेस्ट करताना काही झाकावं लागत नाही.

आता इथे एक खड्डा आहे, घोडबंदर रोडवरच्यासारखा, सगळ्यांना माहीत आणि तरी सगळे पडतात. सेशन एस्टॅब्लिश्ड होतं, पण रूट एकही जात नाही, समरीत आकड्याच्या जागी कंसात पॉलिसी असं दिसतं. हा बग नाहीये. आरएफसी ८२१२ (२०१७) हे इंटरनेट मानक सांगतं की ईबीजीपीला (दोन वेगळ्या एएसमधल्या बीजीपीला) पॉलिसी लावलेली नसेल तर रूट घ्यायचे पण नाहीत आणि द्यायचे पण नाहीत, आणि एफआरआर नेहमीच्या ट्रॅडिशनल डिफॉल्टमध्ये ते पाळतं. दोन्ही दिशांना रूट-मॅप लावा, नाहीतर लॅबपुरती ती ईबीजीपी-रिक्वायर्स-पॉलिसीची अट नो लावून बंद करा. यावरून "बीजीपी चालत नाही" म्हणून इश्यू उघडलात तर पहिली ओळख जरा लाजिरवाणी होते.

ही लॅब पंधरा मिनिटांत उभी-आडवी करणारी एक शेल स्क्रिप्ट लिहून ठेवा. पुढचं सगळं काम हिच्यावरच.

काम कुठून शोधायचं

गिटहबवर "गुड फर्स्ट इश्यू" लेबल असतं, ते बघा, पण तिथे गर्दी फार, ऐरोलीला सकाळी सव्वानऊच्या गाडीतून उतरताना असते तशी. माझं मत विचाराल तर रोजच्या कामात जे टोचतं ते उचला, कारण ते तुम्हाला कळलेलं असतं आणि ते सुटलं तर तुमचंही काम हलकं होतं.

समजा एक शो कमांड आहे. साध्या आउटपुटमध्ये तिच्यात एक टायमर दिसतो, पण त्याच कमांडला जेसन (प्रोग्रॅमला वाचायला सोपा आउटपुटचा प्रकार) जोडलं की तो टायमर त्यात नाहीच. तुमची मॉनिटरिंगची पायथन स्क्रिप्ट जेसन वाचते, त्यामुळे तिला तो मिळत नाही आणि तुम्ही साध्या टेक्स्टवर रेगेक्स (मजकुरातला नमुना शोधायची पद्धत) मारत बसलायत. पहिला पॅच म्हणून हे झकास. छोटं आहे, कोणाचं चालू असलेलं काही मोडत नाही, आणि तपासणाऱ्याला पाच मिनिटांत कळतं. याउलट "मी बीजीपीचा बेस्ट पाथ फास्ट करतो" असलं काही पहिल्या महिन्यात नको.

आधी मास्टर ब्रांचवर ते अजून तसंच आहे ना ते बघा, पॅकेजमधून आलेल्या जुन्या व्हर्जनवर नाही. मग उघडे आणि बंद झालेले दोन्ही इश्यू शोधा. कोणी आधीच करत असेल तर त्याचाच पुल रिक्वेस्ट (बदल प्रोजेक्टमध्ये घ्या अशी विनंती) घरी चालवून बघा आणि काय दिसलं ते तिथे लिहा, तेही योगदानच आहे आणि लोक लक्षात ठेवतात. एक अपवाद, बाहेरून पॅकेट पाठवून डिमन पडतोय असं काही सापडलं तर उघडा इश्यू करायचा नाही, सिक्युरिटीसाठी दिलेल्या पत्त्यावर खासगीत कळवायचं.

कोड वाचणं

वरपासून वाचायला घेऊ नका, संपणार नाही. स्क्रीनवर दिसणारं वाक्य उचला आणि गिट ग्रेपला द्या. टायमरच्या शेजारी छापलेला शब्द शोधला की थेट ते फंक्शन सापडतं, आणि बहुतेक शो फंक्शनमध्ये एक इफ दिसेल, जेसन असेल तर हे, नसेल तर ते. कमांड जिथे जन्मते ती जागा डेफपाय किंवा जुनी असेल तर डेफअन अशा मॅक्रोने सुरू होते. त्या ओळीवर गिट ब्लेम मारा आणि तो जुना कमिट मेसेज पूर्ण वाचा, मला सगळ्यात जास्त शिकायला मिळालं ते तिथून, कुठल्याही कोर्सपेक्षा.

बदल

आपल्या उदाहरणात खरा बदल तीन ओळींचा. जेसन ऑब्जेक्टमध्ये आकडा टाकणारं तयार फंक्शन आहे, शेजारच्या ओळी बघून तसंच लिहायचं. पण त्या तीन ओळींतही नियम आहेत. जेसनची की कॅमलकेसमध्ये, म्हणजे पहिला शब्द छोटा आणि पुढच्या प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं, मध्ये स्पेस नाही. आकडा असेल तर आकडाच द्या, "३० सेकंद" अशी स्ट्रिंग नको, नाहीतर वाचणाऱ्याला परत तोडत बसावं लागेल. आधीपासून असलेल्या कीचं नाव चुकीचं वाटलं तरी बदलू नका, कोणाची तरी स्क्रिप्ट त्या चुकीच्या नावावर जगतेय.

बाकी शैली लिनक्स कर्नलसारखी, इंडेंट टॅबने, टॅब आठ कॉलमचा. रेपोत क्लँग-फॉरमॅटची फाइल आहे, पण ती फक्त आपल्या ओळींवर चालवा, अख्ख्या फाइलवर चालवलीत तर तीन ओळींचा डिफ दोन हजारांचा होतो आणि बघणारा टॅब बंद करून जेवायला जातो. मेमरी घ्यायला मॅलॉक थेट वापरत नाहीत, एक्समॅलॉक, एक्सकॅलॉक आणि सोडायला एक्सफ्री, आणि प्रत्येकाला एक मेमरी टाइप द्यावा लागतो. त्याचा फायदा असा की शो मेमरी म्हटलं की कुठल्या प्रकारचे किती तुकडे वापरात आहेत ते दिसतं, आणि डिमन बंद होताना काही उरलं असेल तर तेही कळतं. स्ट्रिंग कॉपीला एसटीआरसीपीवाय दिसलं की रिव्ह्यूत अडवतात, एसटीआरएलसीपीवाय वापरा. आयपी छापायला बफर बनवत बसू नका, त्यांच्या प्रिंटएफमध्ये टक्का-पी-आय-चार सारखे तयार प्रकार आहेत.

नवी कमांड घातलीत तर युजर डॉक्युमेंटेशनमधली फाइलही त्याच पुल रिक्वेस्टमध्ये बदला. "डॉक नंतर करतो" हे वाक्य सगळ्यांनी खूप वेळा ऐकलंय.

टेस्ट

खरा वेळ इथे जातो, म्हणून इथे जरा थांबतो. एफआरआरमध्ये टोपोटेस्ट नावाचा प्रकार आहे, पायटेस्टवर चालतो, प्रत्येक राउटरला स्वतःची नेमस्पेस देऊन अख्खं छोटं नेटवर्क उभं करतो, म्हणजे तुम्ही मघाशी हाताने केलंत तेच. रूट युजर म्हणून (म्हणजे अ‍ॅडमिनच्या अधिकाराने) चालवावं लागतं, आणि काही टेस्टना एक्साबीजीपी पण लागतं.

नवीन टेस्ट लिहिण्याआधी जुनी एखादी आपल्या विषयाजवळची शोधा, त्यातच एक फंक्शन वाढवता आलं तर सगळ्यात बरं. नाहीच जमलं तर वेगळं फोल्डर, त्यात प्रत्येक राउटरचं कॉन्फिग आणि एक पायथन फाइल. टोपोलॉजी जेवढी लहान तेवढी चांगली, दोन राउटरवर सिद्ध होत असेल तर पाच नकोत.

माझी चूक सांगतो. पहिल्या टेस्टमध्ये मी सेशन उभं राहायची वाट बघायला स्लीप ३० लिहिलं होतं, माझ्या मशीनवर दहापैकी दहा वेळा पास. तिकडे त्यांच्या टेस्ट सर्व्हरवर एकाच वेळी ढीगभर टेस्ट चालतात, मशीन दमलेलं असतं, तिथे तीस सेकंद पुरले नाहीत आणि माझी टेस्ट लाल. मी स्लीप ६० केलं. रिव्ह्यूवाल्याने शांतपणे लिहिलं की असं नको, रन-अँड-एक्सपेक्ट वापर. त्यात तुम्ही एक तपासणारं फंक्शन देता, ते ठरावीक अंतराने परत परत चालतं आणि हवं ते दिसलं की लगेच पुढे जातं, नाही दिसलं तर ठरलेल्या वेळेनंतर फेल. पटकन झालं तर पटकन संपतं, उशीर झाला तर थांबतं. स्लीपमध्ये दोन्हीकडून तोटा.

टेस्ट पास झाली म्हणून खूश होऊ नका, तुमचा तीन ओळींचा बदल काढून तीच टेस्ट परत चालवा. ती फेल व्हायलाच हवी. बदल काढूनही पास होत असेल तर ती टेस्ट काहीच तपासत नाहीये, आणि हे मला दोनदा झालंय, दोन्ही वेळा जेसन तुलना करताना अपेक्षित बाजू रिकामी राहिली होती. टेस्ट मध्येच थांबवून राउटरच्या व्हीटीवायएसएचमध्ये, म्हणजे एफआरआरच्या कमांड लाइनमध्ये, शिरायचा पर्याय आहे, टीमक्स उघडून ठेवा आणि तो वापरा, नुसते लॉग वाचून डोळे जातात.

कमिट

पहिली ओळ डिमनच्या नावाने सुरू, बीजीपीडी मग कोलन मग काय केलं ते थोडक्यात. टेस्टचा कमिट असेल तर टेस्ट्स, डॉक असेल तर डॉक. मग एक ओळ रिकामी, आणि खाली का केलं ते. काय केलं ते डिफ सांगतोच, का ते फक्त तुम्हालाच माहितेय. आधीचं आउटपुट आणि नंतरचं आउटपुट तिथेच चिकटवा. शेवटी ती सहीची ओळ, खऱ्या नावाने. इंग्रजी भारी नसेल तर नसू दे, छोटी वाक्यं लिहा.

कोड, टेस्ट, डॉक असे वेगळे कमिट चालतात, पण प्रत्येक कमिट एकटा कंपाइल झाला पाहिजे, कारण उद्या कोणी बायसेक्ट करत (बग कुठल्या कमिटने आला ते शोधत) आला तर तुमच्या अर्धवट कमिटवर अडकेल. पाठवायच्या आधी टूल्स फोल्डरमधली चेकपॅच स्क्रिप्ट चालवा.

पुल रिक्वेस्ट आणि नंतरची वाट

स्वतःच्या फोर्कमध्ये वेगळी ब्रांच करून तिथून मास्टरवर पुल रिक्वेस्ट उघडा. थोड्या वेळात बॉट येऊन शैलीच्या चुका दाखवेल, आणि सीआय, म्हणजे आपोआप होणारं बिल्ड आणि टेस्ट, सुरू होईल. ते वेगवेगळ्या लिनक्सवर बिल्ड करतं, फ्रीबीएसडीवर पण करतं, त्यामुळे लिनक्सचीच हेडर फाइल बिनधास्त घातली असेल तर तिथे पकडले जाल. मग सगळ्या टोपोटेस्ट. यात तुमच्याशी संबंध नसलेली एखादी टेस्ट कधीकधी लाल होते. लगेच "माझं नाही" म्हणू नका, लॉग उघडून बघा, खरंच नसेल तर तसं कारणासकट लिहा आणि सीआय-कोलन-रीरन ही कमेंट टाका, परत चालतं.

आता रिव्ह्यू. बघणारे बरेचसे अमेरिका-युरोपात, न्यूयॉर्कला सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा, थंडीत साडेसात. म्हणजे तुम्ही पनवेल किंवा ठाण्याच्या गाडीत लटकलेले असताना कमेंट येतात. रात्री जेवून उत्तर दिलंत तर त्याच दिवशी एक फेरी पूर्ण होते, सकाळी दिलंत तर दिवस गेला. पहिल्यांदा त्या कमेंट वाचताना मामलेदारची मिसळ मीडियम सांगून खाल्ल्यासारखं होतं, मीडियम म्हणूनही डोळ्यांतून पाणी. पण त्यात राग नसतो, ते लिहितातच तुटक. प्रत्येक कमेंटला उत्तर द्या, पटलं तर "केलं", नाही पटलं तर का ते आउटपुट दाखवून.

दुरुस्ती करताना वर "रिव्ह्यू कमेंट फिक्स" असा नवा कमिट चढवू नका, इंटरॅक्टिव्ह रिबेस करून मूळ कमिटमध्येच मिसळा आणि फोर्स-पुश करा. फोर्स शब्दाला घाबरू नका, ब्रांच तुमचीच आहे. मी एकदा गिटहबवरचं ते अपडेट ब्रांचचं बटण भोळेपणाने दाबलं, त्याने मर्ज कमिट घुसवला, तो काढायला सांगितला, काढताना मी माझेच दोन कमिट उडवले, मग रिफ्लॉगमधून परत आणले. तेव्हापासून रिबेसच्या आधी ब्रांचची एक कॉपी करून ठेवतो.

आठवडाभर कोणी काही बोललं नाही तर एक नम्र आठवण करा, रोज नको. आणि तुम्ही गायब होणार असाल तर तसं लिहून जा. मी गणपतीत पाच दिवस गावाला गेलो, काही न सांगता, परत आलो तेव्हा मास्टर पुढे गेलेला, माझ्या ओळींवर कॉन्फ्लिक्ट, आणि ज्याने निम्मं बघितलं होतं त्याने मला परत पहिल्यापासून विचारलं. चूक माझीच.

मर्ज झालं की स्टेबल ब्रांचवर हवंय का ते विचारा. बग फिक्स असेल तर मेंटेनर मर्जिफाय बॉटला सांगून बॅकपोर्ट करतात, नवीन सोय असेल तर सहसा पुढच्या रिलीजपर्यंत थांबावं लागतं, म्हणजे तोवर तुमच्या स्क्रिप्टमधला रेगेक्स तसाच ठेवा.

तो ज्युनियर परवा परत भेटला, यावेळी घणसोलीला. लिबयांगपाशी अडकलाय.